दवंडी, भाकरी आणि वही

११ मार्च २०१८, रविवारची रात्र. नाशिकहून सहा दिवस चालत आलेले शेतकरी मुंबईच्या वेशीत, सोमय्या मैदानावर टेकले होते. बरेचसे सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी भागातले आदिवासी. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणारे, पण सातबाऱ्यावर नाव नसलेले. दुसऱ्या दिवशी आझाद मैदान गाठायचं होतं आणि दुसऱ्याच दिवशी दहावीचा पेपर होता. तीस हजारांहून अधिक माणसं सकाळी रस्त्यावर उतरली असती तर मुंबईतली पोरं परीक्षा केंद्रावर पोचली नसती. तेव्हा ठरलं, की रात्रीच चालायचं. नुकतीच पाठ टेकलेली माणसं उठली, पायांच्या फोडांवर पुन्हा चपला चढल्या आणि उजाडायच्या सुमारास मोर्चा आझाद मैदानात होता.

त्या फोडांचे फोटो तोवर घरोघरच्या फोनवर पोचले होते. सोलवटलेले तळवे पाहून मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. डबेवाले धावले. पुढे लिहिलं-बोललं गेलं ते असं, की समाजमाध्यमांनी हा मोर्चा यशस्वी केला. मला त्या रात्रीचा दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तीस हजार दमलेल्या माणसांना ‘उठा’ असं कोण सांगू शकलं? आणि ती उठली का?

फोटो सगळ्या जगाने पाहिला. उठवणारा आवाज मात्र फोनमधून आला नव्हता. तो गावागावांतल्या किसान सभेच्या शाखांमधून आला होता. त्या शाखांच्या मागे वनहक्क कायद्याखाली भरलेल्या दाव्यांची वर्षानुवर्षांची भेंडोळी होती, आणि त्याच्याही मागे १९४५ च्या वारली उठावापासूनची, गोदावरी परुळेकरांच्या पिढीने पायी फिरून बांधलेली संघटना होती. फोन नसता तर मुंबईला या माणसांचे पाय दिसले नसते. संघटना नसती तर पाय मुंबईपर्यंत आलेच नसते.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे, पण ते नीट म्हणायचं तर तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. दवंडी, भाकरी आणि वही. दवंडी म्हणजे लोकांना हाक घालणं. भाकरी म्हणजे आलेल्यांना टिकवून धरणं: जेवण, पाणी, मुक्काम, जामीन, वकील. वही म्हणजे आंदोलनाची स्मृती आणि जबाबदारी: काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं, कोणी बोलायचं आणि कोणाला जाब विचारायचा. इंटरनेटने चळवळींच्या हाती आजवरची सगळ्यात मोठी हलगी दिली. भाकरी आणि वही दिली नाही. उलट हलगी इतकी सोपी झाली, की उरलेल्या दोन गोष्टींची आठवणच राहीनाशी झाली.

भाकरीचं मोल पाहायचं तर महाडला जावं. मार्च १९२७ मधल्या परिषदेसाठी रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सहकारी आधी किती दिवस कोकणात राबत होते! चवदार तळ्याचं पाणी पिण्याचा हक्क बजावायला हजारो माणसं आली, तेव्हा त्यांच्या पिण्यासाठी आयोजकांना चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. पाण्याच्या सत्याग्रहात आधी पाणीच विकत घ्यावं लागलं! डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. आणि तळ्याच्या हक्काचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयातून आला तो १९३७ साली. ओंजळभर पाणी प्यायला एक क्षण लागला. तो क्षण कायद्याच्या कागदावर उतरायला दहा वर्षं लागली. ती दहा वर्षं खटला कोणीतरी लढवत होतं, तारखांना कोणीतरी हजर राहत होतं.

अमेरिकेतही हेच. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोक जमले ते आज मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे आठवतात. पण बेयार्ड रस्टिन या संघटकाची माणसं त्याआधी बसगाड्यांचा, शौचालयांचा, पाण्याच्या नळांचा हिशेब मांडत होती. न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये स्वयंसेवकांनी जेवणाचे ८० हजार डबे भरले. तुर्की अभ्यासक झेनेप तुफेकी यांनी इंटरनेटच्या काळातल्या चळवळींवर लिहिताना या तयारीकडे मुद्दाम बोट दाखवलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या काळी मोर्चा निघायला महिने लागत, आणि त्या महिन्यांत संघटना आपोआप घडे. आता मोर्चा आधी निघतो आणि संघटना नंतर बांधावी लागते. मग आंदोलनाला पहिलं वळण घ्यायची वेळ आली, की ते अडखळतं.

सह्यांचंही तेच. आज ऑनलाइन निवेदनावर सही करायला एक बोट पुरतं. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. माणसांत जाऊन गोळा केलेल्या. एकेका सहीमागे एक संभाषण होतं: हे काय आहे, मी का द्यावी, नोकरी गेली तर? सही मिळाली तेव्हा कागदावर एक नाव आलं आणि संघटनेत एक माणूस आला. तरी रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. सहीत तेव्हाही जादू नव्हती. जी काही होती ती सही मागायला जाणाऱ्याच्या पायपिटीत होती. ती पायपीट आता वाचली, असं आपल्याला वाटतं. ती वाचलेली नाही, उधारीवर गेली आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की हा जुन्या लोकांचा ठेवणीतला सूर झाला. घरबसल्या बोटं चालवणारे ते नुसते क्लिकवीर, आणि खरे लढवय्ये ते आमच्या वेळचे. तसं मला मुळीच म्हणायचं नाही. दवंडीला कमी लेखण्याची चैन फक्त त्यांनाच परवडते, ज्यांच्या हातात हलगी कायम होती. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊनही, ‘केसरी’ने छापली नाही. स्वतःचं पत्र काढणं हीच तेव्हा पहिली लढाई होती. गावगाड्यात तर याहून कडू चित्र होतं. ज्या जातींतल्या माणसांनी गावभर दवंडी द्यायची, त्यांनाच चावडीवर बसायला जागा नसे. निरोप पोचवायचा त्यांनी आणि ठरवायचं इतरांनी. अशा समाजात स्वतःचा निरोप स्वतःच्या नावाने, संपादकाच्या परवानगीशिवाय देता येणं, ही मामुली गोष्ट नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे ‘मी टू’ची लाट आली तेव्हा हे दिसलं. वर्षानुवर्षं ज्या गोष्टी कार्यालयांच्या जिन्यांत कुजबुजल्या जात, त्या नावानिशी बाहेर आल्या. परराष्ट्र राज्यमंत्री एम. जे. अकबर यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला, आणि रमाणी त्यातून निर्दोष सुटल्या त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये. म्हणजे अकबर यांच्यावर आरोप करणारं ट्विट लिहायला दोन मिनिटं लागली असतील, पण ते निभावायला दोन वर्षांहून अधिक काळ कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. दवंडीने दार उघडलं हे खरंच. मात्र आत गेल्यावर वकील लागतो, साक्षीदार लागतात, पाठीशी उभी राहणारी माणसं लागतात.

मुंबईतल्या आरेचं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. मेट्रोच्या कारशेडसाठी २,६०० हून अधिक झाडं तोडायला वा हलवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ ला मंजुरी दिली. त्याआधी ८० हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या, बऱ्याचशा ईमेलने. इतक्या हरकती कागदावर गोळा करायच्या म्हटल्या असत्या तर वर्ष गेलं असतं. तरी मंजुरी झालीच. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. निरोप फोनवरून फिरला, पोरं-पोरी रात्रीच्या लोकलने, रिक्षाने आरेत पोचली. २९ जणांना अटक झाली. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रावरून ‘जैसे थे’चा आदेश दिला. तोवर २,१४१ झाडं पडली होती.

या गोष्टीतून दोन्ही बाजूचे लोक आपापला धडा काढतात. एक म्हणतात, बघा, ८० हजार ईमेलने एक झाडही वाचलं नाही. दुसरे म्हणतात, बघा, एका पत्राने कोर्ट हललं. मला वेगळंच दिसतं. ते पत्र रिकाम्या हवेत लिहिलेलं नव्हतं. २०१४ पासून काही माणसं आरेत जमत होती, तिथल्या आदिवासी पाड्यांत जात होती, माहितीच्या अधिकारात कागद काढत होती, एकामागून एक याचिका चालवत होती. कारशेड शेवटी आरेतच झालं, हा पराभव आहे आणि तो तसाच नोंदवला पाहिजे. पण २०२० मध्ये आरेची ८०० एकरांच्या आसपास जमीन राखीव जंगल म्हणून ठेवायचा निर्णय झाला, तो त्या जुन्या चिकाटीच्या बळावर. ईमेलचा ढीग सरकारला पुसून टाकता येतो. दर आठवड्याला येणारा माणूस पुसता येत नाही.

आता वहीकडे येऊ. वही नसली की काय होतं, ते पुणतांब्याने दाखवलं. नगर जिल्ह्यातल्या या गावाने ग्रामसभेत ठराव करून शेतकऱ्यांच्या संपाची कल्पना मांडली. ती फोनाफोनी आणि व्हॉट्सॲपवरून राज्यभर पोचली आणि १ जून २०१७ ला खरोखरच संप झाला. दुधाचे टँकर रस्त्यावर रिकामे झाले, बाजार समित्या ओस पडल्या. मग ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्यावर चर्चेला गेलेल्या काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. दिवस उजाडला तसा राज्यभरातून एकच सवाल उठला: यांना कोणी पाठवलं होतं? आम्ही कधी निवडलं यांना? संप चालूच राहिला. अखेर नाशिकला वेगवेगळ्या संघटनांची सुकाणू समिती बसली, तिने ११ जूनला मंत्रिगटाशी बोलणी केली, आणि २४ जूनला ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली.

पुणतांब्याच्या गोष्टीतला नेमका गुंता माणसांच्या प्रामाणिकपणाचा नव्हता. हाक सगळ्यांची होती, त्यामुळे सही कोणाचीच चालेना. ज्या आंदोलनात कोणीही सामील होऊ शकतं, त्याच्या वतीने कोणीही बोलू शकतं. आणि कोणीही बोलू शकतं म्हणजे कोणाच्याच बोलण्याला वजन नाही. सरकारला असं आंदोलन फोडायला फारसं काही करावं लागत नाही. चहाला चार जणांना बोलावलं की पुरे.

इजिप्तमध्ये हेच मोठ्या पटावर घडलं. पोलिसांच्या मारहाणीत मरण पावलेल्या खालिद सईद या तरुणाच्या नावाचं फेसबुक पान वाएल घोनिम यांनी चालवलं. त्यावरून हाक गेली आणि २५ जानेवारी २०११ पासून कैरोच्या तहरीर चौकात लोक जमत गेले. २८ तारखेला होस्नी मुबारक यांच्या सरकारने देशाचं इंटरनेट बंद पाडलं, तरी गर्दी ओसरली नाही, वाढली. ११ फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले. पुढच्या निवडणुकीत मात्र जिंकली ती मुस्लिम ब्रदरहुड, कारण मोहल्ल्यामोहल्ल्यांत दवाखाने आणि मदतकेंद्रं चालवणारी, वह्या ठेवणारी संघटना तीच होती. २०१३ मध्ये लष्कराने तिलाही हटवलं. चौक तरुणांनी भरला आणि सत्तेची वाटणी ज्यांच्याकडे संघटना किंवा बंदूक होती त्यांच्यात झाली. समाज मुक्त करायला इंटरनेट पुरे, असं एकेकाळी मानणाऱ्या घोनिम यांनीच पुढे आपण चुकलो अशी जाहीर कबुली दिली.

हलगीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. शेतकऱ्यांचा तो लाँग मार्च २०१८ च्या मार्चमध्ये झाला. त्याच वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असा निरोप त्या भागात कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. गर्दीने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

सुरगाणा आणि साक्री एकमेकांपासून फार दूर नाहीत. दोन्हीकडे गरीब, बहुतांशी आदिवासी वस्ती. दोन्हीकडे तेच फोन, तेच ॲप, तेच वर्ष. एकीकडे तीस हजार माणसांनी परक्या शहरातल्या पोरांच्या परीक्षेसाठी झोप सोडली. दुसरीकडे गर्दीने पाच निरपराध माणसं ठेचली. फरक माणसांच्या स्वभावात शोधू नये. पहिल्या गर्दीत प्रत्येक जण कोणत्या तरी गावाच्या तुकडीत होता, तुकडीला ओळखीचा माणूस होता, त्या माणसाचं कोणीतरी ऐकत होतं. दुसऱ्या गर्दीत ‘थांबा’ म्हणणाऱ्याचं ऐकलं जाईल, अशी कुठलीच घडी नव्हती. हलगी चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. ती कशासाठीही वाजते. वाजल्यावर जमलेल्यांत उत्तरदायी कोण, यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि हलगी आहे तरी कोणाची? ‘मूकनायक’च्या काळी छापखाना दुसऱ्याचा होता, तो निदान त्याच गावात होता. आताचा मालक सातासमुद्रापलीकडे आहे आणि त्याच्या खांद्यावर सरकारचा हात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले असताना ‘किसान एकता मोर्चा’सह सुमारे अडीचशे ट्विटर खाती सरकारच्या सांगण्यावरून काही तासांसाठी बंद झाली. असे आदेश गोपनीय ठेवायची नियमांतच तरतूद आहे. म्हणजे ज्याचं तोंड बांधलं त्याला कारणही कळू नये. त्याआधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका तरुणीला, आणि ते ‘लाइक’ केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली असं करता येई, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण सगळा आवाजच बंद करायचा सोपा मार्ग उरलाच. २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षं इंटरनेट बंद पाडण्यात भारताचा क्रमांक जगात पहिला होता. बेमुदत बंदी बेकायदा आहे आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगूनही.

म्हणून ज्या चळवळीचं सगळं भांडवल एका खात्यात आहे, तिला संपवायला एक आदेश पुरतो. दिल्लीच्या सीमेवरचे शेतकरी खाती बंद झाल्यावर घरी गेले नाहीत, कारण ट्रॉल्यांत धान्य होतं, लंगर पेटलेला होता आणि गावागावांतून पाळीपाळीने माणसं येत होती. वर्षभर ती चूल विझली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कायदे मागे घेण्याची घोषणा पंतप्रधानांना करावी लागली, ती या चुलीपुढे.

मग करायचं काय? फोन टाकून द्यायचा नाही. कोणत्याही गावातला, सोसायटीतला एखादा ‘रस्ता बचाव’ ग्रुप डोळ्यांपुढे आणा. दोनशे चाळीस सदस्य, सकाळी खड्ड्याचा फोटो, त्यावर तीस रागीट चेहरे, दुपारी कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि रविवारच्या बैठकीला अकरा माणसं. आपण या अकरांकडे पाहून हताश होतो. खरं तर चळवळ त्या अकरांतच सुरू होते. दोनशे चाळीस ही दवंडी पोचल्याची संख्या आहे. अकरांपैकी कोणी एक वही उघडावी. आलेल्यांची नावं लिहावीत, वॉर्ड ऑफिसला कोण जाणार ते लिहावं, खर्च कोणी किती दिला ते लिहावं, साहेबांनी काय कबूल केलं ते तारखेसकट लिहावं. आपल्या वतीने बोलायला कोणाला पाठवलं आणि त्याने कुठवर बोलायचं, तेही लिहावं. मग पुढच्या वेळी दोनशे चाळिसांना हाक घालावी. तेव्हा त्या हाकेला पत्ता असेल.

नाशिकच्या आदिवासींना २०१८ मध्ये सरकारने लेखी आश्वासन दिलं होतं. त्यातलं पुरतं न झाल्याने फेब्रुवारी २०१९ मध्ये ते पुन्हा निघाले आणि नव्या आश्वासनावर थांबले. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा निघाले, ठाणे जिल्ह्यात वाशिंदपर्यंत आले आणि मागण्यांवरच्या निर्णयांची अंमलबजावणी सुरू होईपर्यंत तिथेच बसून राहिले. फोडांचे फोटो मुंबई केव्हाच विसरली होती. मागण्यांची यादी त्यांच्याकडे होती.